मिकेलांजेलो पिस्तोलेत्तो: पोलाद, चिंध्या आणि माणसाचं चित्र (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मिकेलांजेलो पिस्तोलेत्तो हे नाव कलेच्या इतिहासाच्या तासाला 'आर्ते पोवेरा' या इटालियन कलाप्रवाहाच्या यादीत एका ओळीत येतं आणि निघून जातं. चिंध्यांच्या ढिगापुढे उभी असलेली व्हीनस तेवढी लक्षात राहते. हा माणूस मुळात पोर्ट्रेट करणारा चित्रकार आहे, हे मात्र मागे पडतं. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामाची किल्ली तिथेच आहे, म्हणून खालची उत्तरं ती बाजू धरून लिहिली आहेत.

पिस्तोलेत्तो कोण आहेत, थोडक्यात सांगाल?

२५ जून १९३३ रोजी उत्तर इटलीतल्या बिएला गावात जन्मलेले चित्रकार. घडले तोरिनोत, म्हणजे आपल्याकडच्या नकाशांत ट्युरिन म्हणून छापलेलं असतं त्या शहरात. सुरुवात आत्मचित्रांनी केली. १९६२ पासून आरशासारख्या पोलादी पत्र्यावर माणसांच्या आकृती चिकटवू लागले. पुढे पुठ्ठा, चिंध्या, रद्दी, पॉलियुरेथेनचा फोम, संगमरवर, असं एकेक हाताळत गेले. वयाची नव्वदी ओलांडल्यावरही काम थांबलेलं नाही.

रेनेसान्समधल्या मिकेलांजेलोशी यांचं काही नातं?

काही नाही. इटलीत हे मुलांना ठेवतात तसलं नेहमीचं नाव आहे.

ते कुठल्या कला महाविद्यालयात शिकले?

कुठल्याच नाही. वडील एत्तोरे स्वतः चित्रकार होते आणि तोरिनोत जुनी चित्रं दुरुस्त करण्याचा व्यवसाय करायचे. १९४७ साली, चौदाव्या वर्षी, मिकेलांजेलो त्यांच्या हाताखाली लागले आणि १९५८ पर्यंत तिथेच राहिले. अकरा वर्षं! इतकी वर्षं कुठलाच अभ्यासक्रम चालत नाही.

चित्र दुरुस्त करणाऱ्याला चित्र ही आधी एक वस्तू म्हणून कळते. लाकडी फळी, तिच्यावर चढवलेला चुन्या-सरसाचा थर, त्यावर सोन्याचा वर्ख, मग रंग, शेवटी वॉर्निश. कुठला थर कुठे सुटलाय, कुठे फुगलाय, हे बोटांनी समजायला लागतं. ख्रिस्ती संतांच्या जुन्या चित्रांत संतामागे आकाश नसतं, घर नसतं, नुसतं सोनं असतं. दिव्याची ज्योत हलली की ते सोनंही हलतं. पुढे या चित्रकाराला पाठीमागची जागा चमकती हवीशी वाटली, त्याचं मूळ मला या अकरा वर्षांत दिसतं.

मधल्या काळात, १९५३ साली, आईने त्यांना आर्मांदो तेस्ता यांच्या जाहिरातकलेच्या शाळेत घातलं. तेस्ता हे इटलीतल्या जाहिरात क्षेत्रातलं फार मोठं नाव. एका हाताला शतकांपूर्वीची देवचित्रं आणि दुसऱ्या हाताला त्या वर्षीच्या वस्तूंचं पोस्टर, अशी त्यांची तालीम झाली.

सुरुवातीला फक्त स्वतःचीच चित्रं का काढली?

१९५८ साली तोरिनोच्या गालातेआ गॅलरीत फ्रान्सिस बेकन या ब्रिटिश चित्रकाराची चित्रं लागली होती. पिंजऱ्यासारख्या चौकटीत कोंडलेली, चेहरा विस्कटलेली माणसं. आपल्याला छळणारा प्रश्न या माणसालाही छळतोय, हे पिस्तोलेत्तोंना तिथे जाणवलं. पण उत्तर त्यांनी उलट्या दिशेने शोधलं. बेकनचा माणूस किंचाळतो. यांनी आपल्या आकृतीतून भावना काढून टाकत नेली. सरळ उभा, हात खाली, चेहऱ्यावर काही नाही, आकार खऱ्या माणसाएवढा. मागची जागा एकाच रंगाची: सोनेरी, रुपेरी, ब्राँझ, काळी. याच गालातेआ गॅलरीत १९६० साली त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं.

माणूस जितका गप्प होत गेला, तितकं लक्ष त्याच्या मागच्या रिकाम्या जागेकडे जायला लागलं.

आरसा चित्रात आला कसा?

१९६१ साली एका मोठ्या चित्राची पार्श्वभूमी त्यांनी काळी रंगवली आणि वर वॉर्निशचे थर दिले. पृष्ठभाग इतका तुळतुळीत झाला की चेहरा काढायला कुंचला उचलला तेव्हा त्या काळ्यात त्यांना स्वतःचाच चेहरा दिसला. आत्मचित्रासाठी बाजूला आरसा ठेवायची गरजच संपली. कॅनव्हासच आरसा झाला होता. या चित्रांना त्यांनी नाव दिलं 'वर्तमान'.

त्यांतल्या एका चित्रात माणूस पाठमोरा आहे. ही बारीकशी गोष्ट मला फार मोलाची वाटते. समोर तोंड केलेला माणूस आपल्याकडे बघतो, आणि आपण प्रेक्षक म्हणून बाहेर राहतो. पाठमोरा माणूस मात्र आपण बघतो त्याच दिशेने, चित्राच्या आत बघत असतो. त्याच्या समोर जे दिसतं ते आपल्याही समोर आहे. आणि चकचकीत काळ्यात दिसतो आपण, आपल्या मागची खोली, दारातून येणारा आणखी कुणी. एका आत्मचित्रात इतकी माणसं मावू शकतात हे कळल्यावर वॉर्निशवर भागणार नव्हतं. पक्का आरसा देणारा पृष्ठभाग हवा होता. तो शोध १९६२ साली आरशासारखं पॉलिश केलेल्या स्टेनलेस स्टीलवर येऊन थांबला.

ही आरसाचित्रं प्रत्यक्षात कशी बनवतात?

पहिल्या दशकातली पद्धत अशी. मॉडेल म्हणून बहुतेकदा ओळखीतलीच माणसं असत. त्यांना उभं करून किंवा बसवून फोटो काढायचा. पोज साधी: खिशात हात, कठड्यावर रेललेलं अंग, खुर्चीत बसलेली बाई. धावणं, उडी मारणं, हसणं नाही, कारण अर्ध्यात गोठलेली हालचाल पत्र्यावर खोटी दिसते. मग फोटो खऱ्या माणसाच्या मापाचा मोठा करायचा. त्यावर पतंगाच्या कागदासारखा पातळ, आरपार दिसणारा कागद ठेवून आकृती उतरवायची आणि पेन्सिलने, तैलरंगाने, बारीक कुंचल्याने ती रंगवायची. शेवटी आकृती कडेने कापून, कागद पोलादी पत्र्यावर चिकटवायचा. पत्रा बहुधा माणसाहून उंच, बरेचदा २३० सेंटिमीटर उंचीचा. तो भिंतीवर खाली, जमिनीला धरून लावतात, म्हणजे समोरची फरशी सलग आत गेल्यासारखी दिसते.

१९७१ पासून हाताने रंगवलेल्या कागदाची जागा सिल्कस्क्रीनने, म्हणजे जाळीच्या पडद्यातून रंग दाबून करायच्या छपाईने घेतली. फोटोतली प्रतिमा थेट पत्र्यावर छापली जाऊ लागली. नंतरच्या कामांत काठ जास्त धारदार आहेत, तपशील जास्त आहे. मला स्वतःला जुनी, कागदाची चित्रं अधिक आवडतात. जवळ गेल्यावर त्यांत पेन्सिलीची रेघ दिसते, कोटाच्या घडीत कुंचला कुठे वळला ते दिसतं, कागदाची किंचितशी सुरकुती दिसते. शेजारी पत्र्यात आपली प्रतिमा अगदी गुळगुळीत असते, आणि हाताने काढलेला माणूस तिच्याहून जास्त जिवंत वाटतो.

साधा काचेचा आरसा का नाही वापरला?

काचेच्या आरशात चमक असते मागच्या बाजूला. पुढच्या बाजूला काही चिकटवलं तर मध्ये काचेची जाडी राहते. आकृतीच्या कडेला तिचंच पुसट प्रतिबिंब दिसतं आणि ती आरशावर तरंगत असल्यासारखी भासते. पोलादाचा पत्रा वरच्या पृष्ठभागावरूनच प्रतिबिंब देतो. कागद आणि प्रतिबिंब एकाच पातळीवर येतात, मध्ये फट नाही. शिवाय पोलादातलं प्रतिबिंब काचेपेक्षा थोडं करडं, थोडं मऊ असतं. रंगवलेला माणूस आणि प्रतिबिंबातला माणूस यांच्यातला फरक त्याने कमी होतो. काच फुटण्याचा धोका टळतो हे वेगळंच.

फोटोवरून उतरवणं ही चित्रकला कशी?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो रास्त आहे. रेखाटनाचं कौशल्य हीच कसोटी धरली तर पिस्तोलेत्तोंची ही कामं तिला फारशी उतरणार नाहीत. त्यांनी तसा दावाही केलेला नाही. पण चित्रकाराचं काम आकृती काढण्याआधी सुरू होतं. कुणाला उभं करायचं, कुठे, कुठल्या मापात, पाठमोरं की समोर, आणि उरलेल्या जागेचं काय करायचं. पिस्तोलेत्तोंचे सगळे कष्ट या निर्णयांत आहेत. आकृती पत्र्याच्या मधोमध ठेवली तर प्रेक्षकाला जागाच उरत नाही. म्हणून ती बरेचदा एका कडेला असते, कधी काठाने अर्धी कापलेली. कुणीतरी शेजारी येऊन उभं राहील, या हिशेबाने केलेली ती मांडणी आहे.

फोटोचं कारणही याच हिशेबात बसतं. प्रतिबिंब हे यंत्रासारखं अचूक असतं. त्याच्या शेजारी ढोबळ फटकाऱ्यांनी काढलेली आकृती ठेवली असती तर एक चित्र आणि एक आरसा असे दोन तुकडे वेगवेगळे राहिले असते.

अशा चित्रासमोर उभं राहिल्यावर नेमकं काय घडतं?

मिनीॲपोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरमध्ये 'बाल्कनीतल्या तीन मुली' हे १९६२ ते ६४ या काळातलं काम आहे. तीन तरुणी कठड्याला टेकून उभ्या, आपल्याकडे पाठ. त्या बघतायत पोलादाच्या आत. आणि आत आहे ती संग्रहालयाची खोली, समोरची भिंत, आणि आपण. म्हणजे आपण त्यांना पाठीमागून न्याहाळत असतानाच त्या समोरून आपल्याला न्याहाळतायत.

आता थोडं गणित, कारण या चित्राचा खरा चमत्कार तिथे आहे. आपण पत्र्यापासून दोन मीटरवर असलो तर आपली प्रतिमा पत्र्याच्या आत दोन मीटरवर असते, म्हणजे आपल्यापासून चार मीटर लांब. रंगवलेली मुलगी मात्र पत्र्यावरच, दोन मीटरवर. त्यामुळे पत्र्यावर मोजलं तर आपल्या प्रतिमेची उंची आपल्या उंचीच्या बरोबर निम्मी भरते, आणि मागेपुढे कितीही सरकलं तरी ती निम्मीच राहते. घरच्या आरशावर ओल्या साबणाने डोक्याची आणि हनुवटीची खूण करून हे कुणालाही पडताळता येईल. याचा परिणाम असा की त्या तीन मुलींच्या बरोबरीला आपण स्वतःच्या नजरेत कधीच येत नाही. पण दुसरा कुणी प्रेक्षक आपल्याहून पुढे, पत्र्याला लागून उभा राहिला, तर तो जवळजवळ त्यांच्या मापाचा दिसतो. आपल्याला चित्राबाहेरचे वाटणारे आपण दुसऱ्याच्या डोळ्यांना चित्रातलेच असतो. म्हणून ही चित्रं एकट्याने बघू नयेत, सोबत कुणालातरी न्यावं.

छापील फोटोत यातलं काहीच येत नाही. फोटोग्राफर स्वतः दिसू नये म्हणून बाजूला सरकतो, खोली रिकामी करतो, आणि पुस्तकात छापून येतो तो करड्या पट्टीवरचा एकटा माणूस.

ही चित्रं राजकीय आहेत का?

काही आहेत. १९६५ चं 'व्हिएतनाम' हे काम ह्यूस्टनच्या मेनिल संग्रहात आहे. युद्धाविरुद्धच्या मोर्च्यात फलक धरून चाललेली माणसं त्यात रंगवली आहेत. त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपण मोर्च्यात सामील असतो, किंवा फुटपाथवरून मोर्चा बघणारे असतो. चित्र काहीच सांगत नाही; कुठे उभं राहायचं ते आपलं आपण ठरवायचं. युद्ध चालू असताना त्याच्यासमोर उभं राहिलेल्या अमेरिकन माणसाला हे किती टोचलं असेल!

अमेरिकेत नाव झालं होतं, मग तिथेच का गेले नाहीत?

१९६३ साली गालातेआ गॅलरीत आरसाचित्रं लागली आणि त्याच सुमारास पॅरिसच्या गॅलरीमालक इलिआना सोनाबेंड यांनी ती हेरली. तिथून न्यूयॉर्कचे गॅलरीमालक लिओ कास्तेल्ली यांच्यापर्यंत वाट सरळ होती. १९६६ साली वॉकर आर्ट सेंटरने त्यांचं एकल प्रदर्शन भरवलं. त्या काळात अमेरिकन पॉप आर्टची, म्हणजे जाहिराती आणि रोजच्या वस्तूंवरून केलेल्या कलेची, चलती होती. १९६४ च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, रॉशेनबर्ग या अमेरिकन कलाकाराला मोठा पुरस्कार मिळाला होता. पिस्तोलेत्तोंवरही पॉपचा शिक्का बसला. न्यूयॉर्कला या, आमच्यातले व्हा, असा आग्रह झाल्याचं ते सांगत आले आहेत. ते गेले नाहीत. एकाच ओळखीच्या शैलीचा माल पुरवत राहायचं, ही बाजाराची अट त्यांना मान्य नव्हती.

आणि मग 'उणे वस्तू'?

हो, तो नकार त्यांनी कामातून दिला. १९६५–६६ मध्ये तोरिनोच्या आपल्या स्टुडिओत त्यांनी एक संच मांडला, 'ओज्जेत्ती इन मेनो', उणे वस्तू. एकही वस्तू दुसरीसारखी नाही. डझनभर वेगवेगळ्या कलाकारांचं सामूहिक प्रदर्शन वाटावं असं. नालीदार पुठ्ठ्याचं अवाढव्य गुलाब, कडा जाळलेलं. एक लाकडी चौकट, तिच्यातच दोन जणांना समोरासमोर बसून जेवता येईल अशी बैठक आणि टेबल. उभ्याने गप्पा मारताना टेकायला लोखंडी नळ्यांचा कठडा. (त्या तीन मुलींचा कठडा आठवा, इथे कठडा खरा आहे आणि मुलींच्या जागी आपण.)

यातली 'अनंताचा घनमीटर' ही १९६६ ची वस्तू मला सगळ्यात जवळची. सहा आरसे, चकचकीत बाजू आत करून, ठोकळ्यासारखे दोरीने बांधलेले. सलूनमध्ये पुढे आणि मागे आरसा असला की आपली डोकी एकामागे एक न संपणारी दिसतात, तेच इथे सहाही बाजूंनी. फरक इतकाच की आत प्रकाश नाही आणि बघायला डोळाही नाही. आपल्याला दिसते ती आरशांची मळकी पाठ आणि दोरी. आत काय असेल ते मनानेच बघायचं.

अमेरिकेत मागणी असलेली आरसाचित्रं बाजूला ठेवून हे प्रदर्शन लावणं म्हणजे व्यवहाराच्या भाषेत पायावर धोंडा मारून घेणं होतं. इतिहासात मात्र त्यांची जागा पक्की झाली ती याच कामाने.

आर्ते पोवेरा म्हणजे काय, आणि ते त्यात कसे आले?

शब्दशः 'गरीब कला'. समीक्षक जेर्मानो चेलांत यांनी १९६७ साली हे नाव रूढ केलं. युद्धानंतरच्या भरभराटीत इटली घरोघरी फ्रिज आणि फियाट गाड्या भरत होती, फियाटचा कारखाना तर तोरिनोतच. त्या झगमगाटाकडे पाठ करून काही तरुण कलाकार माती, कोळसा, कापड, भाज्या, जिवंत जनावरं वापरू लागले. यानिस कुनेलिस यांनी १९६९ साली रोमच्या गॅलरीत बारा जिवंत घोडे बांधले, ते याच प्रवाहातलं. मारिओ मेर्झ, मारिसा मेर्झ, अलिगिएरो बोएत्ती, जुझेप्पे पेनोने ही बरोबरीची नावं.

चेलांत यांनी जेनोआत १९६७ साली भरवलेल्या पहिल्या प्रदर्शनात पिस्तोलेत्तो नव्हते. पण 'उणे वस्तू' आधीच होऊन गेल्या होत्या, आणि त्या प्रवाहाची वाट त्यांनी मोकळी केली यावर आज बहुतेकांचं एकमत आहे.

चिंध्यांच्या व्हीनसबद्दल सांगा.

१९६७. बागेत ठेवायला विकतात तसला सिमेंटचा व्हीनसचा पुतळा, घडण थोरवाल्डसेन या डॅनिश शिल्पकाराच्या व्हीनसवरून घेतलेली. तिच्यासमोर रंगीबेरंगी जुन्या कपड्यांचा, तिच्या डोक्यापर्यंत पोचणारा ढीग. पुढे याच्या संगमरवरी आणि इतर आवृत्त्याही झाल्या.

देवतेचं सौंदर्य आणि फेकून दिलेला कपडा यांचा विरोध, असं स्पष्टीकरण सगळीकडे मिळतं. ते चूक नाही, पण अपुरं आहे. व्हीनस उभी कशी आहे ते बघा: आपल्याकडे पाठ, तोंड ढिगात. १९६१ च्या काळ्या चित्रातला पाठमोरा माणूस, कठड्यावरच्या तीन मुली, त्याच रांगेत ही उभी आहे. तिच्या समोर आरशाऐवजी कपडे आहेत, आणि प्रत्येक कपड्यात कधीतरी एक माणूस होता. त्यातली आणखी एक गोष्ट मला विसरता येत नाही: सुरुवातीच्या चिंध्या या स्टुडिओत पोलादी पत्रे पुसायला आणलेल्या चिंध्या होत्या. ज्या फडक्यांनी आरसे लख्ख केले तीच आरशाच्या जागी येऊन बसली.

ती जाळली गेली हे खरं का?

नेपल्समधली मोठी आवृत्ती जळली. म्युनिसिपिओ चौकात २०२३ च्या उन्हाळ्यात सुमारे दहा मीटर उंचीची व्हीनस उभी केली होती. १२ जुलैच्या पहाटे तिला आग लावण्यात आली आणि लोखंडी सांगाडा तेवढा उरला. मार्च २०२४ मध्ये त्याच चौकात ती पुन्हा उभी राहिली. १९६७ चं मूळ काम वेगळं, त्याला या आगीची झळ लागली नाही.

वर्तमानपत्रांचा गोळा रस्त्यावर का फिरवला?

छापील कागद दाबून, चिकटवून केलेला तो मोठा गोळा मुळात 'उणे वस्तूं'पैकी एक. डिसेंबर १९६७ मध्ये तोरिनोच्या रस्त्यांवरून तो ढकलत नेला, सोबत मारिया पिओप्पी, ज्या पुढे आयुष्यभर त्यांच्या सोबत राहिल्या. वाटेत लोक हात लावत, ढकलत, पुढे पाठवत गेले. शिल्पाला हात लावू नये हा संग्रहालयाचा पहिला नियम, तो इथे गळून पडतो. २०१० मध्ये फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात त्यांचं मोठं सिंहावलोकन भरलं तेव्हा तिथल्या रस्त्यांवरही हा फेरा झाला. १९६८ ते ७० या काळात 'लो झू' नावाचा गट करून त्यांनी नट, संगीतकार, कवी यांच्यासोबत रस्त्यांवर आणि चौकांत प्रयोग केले. मला ही सगळी आरसाचित्रांचीच पुढची पायरी वाटते. चित्रात ठेवलेल्या जागेत लोक यायची वाट न बघता तेच लोकांत गेले.

२००९ मध्ये त्यांनी आरसे फोडले, ते कशासाठी?

व्हेनिस बिएनालेत 'बावीस उणे दोन' या कामात सोनेरी चौकटींतले भव्य आरसे त्यांनी लाकडी मोगरीने प्रेक्षकांसमोर फोडले. वय तेव्हा पंचाहत्तरच्या पुढे. १९७० च्या दशकापासून ते आरसा कापून बघत होते: आरशाचे दोन तुकडे केले तर प्रत्येक तुकडा पूर्ण आरसा असतो, आणि दोन तुकडे एकमेकांसमोर धरले की ते एकमेकांना दाखवू लागतात. फोडलेल्या आरशातही तेच. भिंतीवर उरलेल्या प्रत्येक कपच्यात अख्खी खोली दिसते. मोडतोड म्हणून त्याकडे बघणाऱ्यांनी जवळ जाऊन एखादी कपची बघायला हवी होती.

बिएलाची गिरणी हा काय प्रकार आहे?

बिएला हे लोकरीच्या कापडाचं गाव. चेर्वो नदीच्या काठी ओळीने गिरण्या, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांतल्या अनेक बंद पडल्या. १९९१ मध्ये पिस्तोलेत्तोंनी अशी एक बंद गिरणी विकत घेतली. १९९४ साली त्यांनी समाजातल्या जबाबदार बदलाच्या केंद्रस्थानी कला असावी असा जाहीरनामा काढला होता. त्याला घर मिळालं ते १९९८ मध्ये, 'चित्तादेल्लार्ते' ही संस्था या गिरणीत उभी राहिली तेव्हा. प्रदर्शनं, निवासी कार्यशाळा, कापड आणि फॅशन, शेती, शिक्षण असं बरंच काही तिथे चालतं. गिरणी पाडून बंगले उठवण्याचा धंदा त्यांनाही करता आला असता.

'तिसरा स्वर्ग' हे चिन्ह सगळीकडे दिसतं, त्याचा अर्थ?

गणितातलं अनंताचं चिन्ह घ्या, आडवा आठ. त्याच्या मध्ये तिसरा, मोठा फुगवटा काढा. एका बाजूचं वर्तुळ निसर्गाचं, दुसऱ्या बाजूचं माणसाने घडवलेल्या कृत्रिम जगाचं, आणि मधलं दोघांच्या समेटाचं. २००३ मध्ये त्यांनी ही कल्पना मांडली. १६ डिसेंबर २०१४ रोजी हवानाच्या समुद्रात मच्छीमारांच्या होड्यांनी हे चिन्ह रेखाटलं. जिनिव्हाच्या राष्ट्रसंघ प्रासादाच्या बागेत संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्य देशांसाठी १९३ दगड मांडून ते केलं आहे. इटालियन अंतराळवीर पाओलो नेस्पोली यांच्या २०१७ च्या मोहिमेच्या बोधचिन्हातही ते होतं.

यामागची तळमळ खरी आहे यात शंका नाही. तरी माझं प्रामाणिक मत असं की चित्र म्हणून हे आरशांच्या तोडीचं नाही. आरसा प्रत्येक वेळी वेगळं काही दाखवतो. चिन्ह तेच राहतं आणि कुणालाही सहज उचलता येतं. होड्यांनी केलेलं मात्र सुंदर होतं, कारण ते लाटांवर हलत होतं आणि माणसांनी केलेलं होतं.

कोणते मोठे सन्मान मिळाले?

२००३ मध्ये व्हेनिस बिएनालेचा जीवनगौरव सुवर्णसिंह. २०१३ मध्ये जपानचा प्रीमियम इम्पेरियाले हा कलापुरस्कार, आणि तो 'चित्रकला' या विभागात, हे मुद्दाम सांगतो. त्याच वर्षी लुव्रमध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं.

कामं कुठे बघायला मिळतील?

आपल्याकडून युरोपला जाणाऱ्यांनी तोरिनोसाठी दोन दिवस काढावेत. शहराच्या पश्चिमेला रिवोलीचा किल्ला आहे, तिथलं संग्रहालय आर्ते पोवेरासाठी महत्त्वाचं. बिएला तोरिनोपासून साधारण ऐंशी किलोमीटर, तिथे गिरणी बघता येते. लंडनच्या टेट संग्रहात चिंध्यांच्या व्हीनसची संगमरवरी आवृत्ती आहे. न्यूयॉर्कचं मॉमा (आधुनिक कलेचं संग्रहालय) आणि मिनीॲपोलिसचं वॉकर यांच्याकडे सुरुवातीची आरसाचित्रं आहेत. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना ती जवळची. प्रत्येक संग्रहालयात सगळी कामं कायम मांडलेली नसतात, म्हणून निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्यावं.

विद्यार्थ्याने असं काही करून बघायचं ठरवलं तर?

जरूर करावं. लिफ्टच्या आतल्या बाजूला लावतात तसला मिरर फिनिशचा स्टेनलेस स्टील पत्रा मोठ्या शहरांतल्या स्टीलच्या दुकानांत मिळतो. त्यावरची प्लास्टिकची फिल्म शेवटपर्यंत काढू नये, कारण एक ओरखडा पडला की तो जात नाही. पुसायला मऊ सुती कापड, भांड्यांची घासणी चुकूनही नाही. पातळ पत्रा लाटांसारखा दिसतो आणि प्रतिबिंब वेडंवाकडं येतं, म्हणून तो आधी सपाट फळीवर पक्का बसवावा.

आकृती चिकटवण्याआधी एक काम करावं. कागदाची नुसती बाह्यरेषा कापून, कागदी टेपने पत्र्यावर तात्पुरती लावावी आणि चार मित्रांना एकेक करून समोरून चालायला सांगावं. ते कुठे थबकतात, आकृतीच्या कुठल्या बाजूला उभे राहतात, कुणाच्या आड कोण येतं, हे बघून आकृती इकडेतिकडे सरकवावी. जागा ठरायला दोन दिवस लागले तरी चालेल. रंगवायला त्यानंतर बसावं.